आधी हाताने मोज, मग प्रमेयाकडे वळ

प्रिय पोरी,

सुट्टीत कापूस वेचायला जावं लागेल आणि नेटवर्क पांदणीपर्यंत गेल्याशिवाय मिळणार नाही, हे ठाऊक आहे. पण होमोजीनिअस फलनांच्या या विषयाला वही पुरते. रिंग म्हणजे बेरीज-गुणाकार चालणारी संख्यांची व्यवस्था; मॉड्यूल म्हणजे ज्यातले घटक एकमेकांत मिळवता येतात आणि रिंगमधल्या संख्येने गुणता येतात असा संच.

मॉड्यूलवरचं होमोजीनिअस फलन फ(रव) = र·फ(व) एवढंच पाळतं (र रिंगमधला, व मॉड्यूलमधला); बेरीज पाळेलच असं नाही. अशा फलनांची बेरीज आणि संयोग (एकामागून एक लावणं, खूण ∘) घेतले की निअर-रिंग मिळते, म्हणजे रिंगसारखीच पण कंस एकाच बाजूने सुटणारी रचना. (ग+ह)∘फ = ग∘फ + ह∘फ असं नेहमी सुटतं, फ∘(ग+ह) मात्र अडतं. कुठे अडतं ते स्वतः बघ. पूर्णांकांच्या जोड्या घे. फ क्ष-अक्षावरचे बिंदू जसेच्या तसे ठेवतं, बाकी सगळे शून्यावर नेतं. ग(क्ष,य) = (क्ष,०) आणि ह(क्ष,य) = (०,य). ग+ह म्हणजे तादात्म्य (काहीच न बदलणारं फलन), म्हणून (१,१) वर फ∘(ग+ह) चं उत्तर (०,०). तिथेच फ∘ग + फ∘ह चं उत्तर (१,०).

चक्रीय मॉड्यूलवर, म्हणजे एकाच घटकाच्या पटींनी भरलेल्या मॉड्यूलवर, ही अडचण नाही, कारण फ(रव+सव) = (र+स)·फ(व). परिमेय संख्या पूर्णांकांवर चक्रीय नाहीत, पण त्यांतल्या कुठल्याही दोन एकाच चक्रीय उपमॉड्यूलमध्ये बसतात, म्हणून तिथेही फलन रेषीयच (बेरीजही पाळणारं) निघतं.

आता खरा सराव: होमोजीनिअस फलनं किती, ते मोजायचं. रिंग मॉड ४ ची (०, १, २, ३; ४ झाले की पुन्हा ०), मॉड्यूल म्हणजे पहिला घटक मॉड २ आणि दुसरा मॉड ४ अशा ८ जोड्या. (०,१) ची प्रतिमा कुठलीही चालते: ८ पर्याय. (१,०) ला २ ने गुणलं की शून्य येतं, म्हणून तिच्या प्रतिमेलाही २ ने गुणलं की शून्यच आलं पाहिजे: ४ पर्याय. (१,२) चंही तसंच. बहुतेक जण चुकतात ते (१,१) पाशी. २(१,१) आणि २(०,१) दोन्ही (०,२) च आहेत. दोन वावरांना सामाईक धुरा (बांध) असावा तसं. म्हणून दोन्ही प्रतिमांची दुप्पट सारखी हवी आणि (१,१) ला ८ नव्हे, ४ च पर्याय उरतात. एकूण ८×४×४×४ = ५१२, त्यांतली रेषीय फक्त ३२. १०२४ आलं, तर धुरा विसरलीस.

सिद्धता लिहितानाही हाच क्रम ठेव: आधी शून्य करणारे गुणक, मग सामाईक घटक, आणि फलन सुव्याख्यित (एका घटकाला एकच उत्तर देणारं) ठरल्यावरच पुढची ओळ. परीक्षेत गुण बहुधा इथेच जातात.

यानंतर दोन्ही घटक मॉड ४ घे. उत्तर २,६२,१४४ यायला हवं, रेषीय २५६. प्रत्येकी चार घटकांची सहा चक्रीय उपमॉड्यूलं तीन जोड्यांत पडतात. प्रत्येक जोडीला ६४ च का, ते लिहून पाठव.