सहा ते नऊची वीज

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचून तीन दिवस झाले, फोनवर दोन ओळी टाकण्यापेक्षा नीट पत्रच लिहावं म्हटलं. सोलर कंपनीची ऑफर घेऊ का, कोळशाचे दिवस तर संपलेच ना काका, 2025 मध्ये देशाची निम्मी क्षमता कोळसा-गॅस सोडून झाली असं सगळीकडे छापून आलंय, असं तू विचारलंस. ऑफर घे, बिनधास्त घे. पण ते "संपलेच ना" डोक्यात धरून कामाला लागलीस तर पहिल्याच वर्षी गणितं चुकतील, म्हणून हे एवढं लांबलचक.

क्षमता वेगळी आणि वीज वेगळी. 100 मेगावॅटचं सोलर दिवसाला साधारण 5 लाख युनिट देतं, तेवढ्याच मेगावॅटचं थर्मल, म्हणजे कोळशाचं केंद्र, नीट चाललं तर 16-17 लाख. त्यामुळे कागदावर निम्मं-निम्मं दिसलं तरी 2024-25 मध्ये दर 100 युनिटमधली 70 च्या वर कोळशाचीच होती, आणि त्याच वर्षी आपण 100 कोटी टनांहून जास्त कोळसा खणून काढला. मागणी तर वाढतेच आहे, 30 मे 2024 ला देशाची एका वेळची सर्वांत जास्त मागणी 250 गिगावॅटला गेली होती.

आता हे जवळून बघ. एका युनिटला 700 ग्रॅमच्या आसपास कोळसा लागतो, म्हणजे 500 मेगावॅटचा एक सेट, बॉयलर-टर्बाइन-जनरेटरची एक जोडणी, फुल लोडवर दिवसाला 8 हजार टन खातो, दोन अख्ख्या रेक, म्हणजे दोन मालगाड्या. आपल्या कोळशात राख 35-40 टक्के. तू रात्रभर एसी लावलास, 8 युनिट धर, तर साडेपाच किलो कोळसा जळाला आणि दोन किलो राख कुठेतरी जाऊन पडली. ते "कुठेतरी" म्हणजे कुणाचं तरी गाव असतं गं. मी विदर्भातल्या ज्या थर्मलला होतो तिथे राखेच्या बंधाऱ्याजवळ एक आजी राहायच्या, उन्हाळ्यात कुरडया घातल्या की त्यावर जुनं लुगडं पसरून ठेवायच्या, आणि संध्याकाळी ते झटकलं की पायरी राखाडी व्हायची. एका रात्री आमच्या ईएसपीच्या दोन फील्ड बंद पडल्या, म्हणजे चिमणीतून जाणारी राख पकडणारं यंत्रच अर्धवट झालं, मी लोड कमी करूया म्हटलं तर वरून "नाही" आलं, सेट सकाळपर्यंत तसाच चालला आणि लॉगबुकात खाली सही माझी आहे. ती सही अजून टोचते मला.

म्हणून सांगतो, तू संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेवर काम कर. दुपारी सोलर इतकी येते की थर्मलला क्षमतेच्या 55 टक्क्यांवर खाली आणून ठेवतात, आणि सूर्य कलला की घराघरात दिवे, गिझर, टीव्ही सगळं एकदम, मग तेच सेट धावत वर न्यायचे, बॉयलरच्या ट्यूबा रोज तापून-निवून थकतात. पॅनल लावणारे पुष्कळ आहेत आता. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत नेणारी माणसं कमी आहेत. बॅटरी शीकच, पण आधी सह्याद्रीतलं घाटघर बघून ये, 250 मेगावॅटचा प्रकल्प आहे, खालचं पाणी पंपाने वरच्या धरणात चढवायचं आणि गरज लागली की कोकणाच्या बाजूला सोडून वीज काढायची. असे अजून कितीतरी करता येतील, फक्त ज्यांची जमीन-जंगल जाणार त्यांच्याशी आधी बोलून.

आणि शेतीपंप विसरू नकोस. आपल्याकडे शेतकरी वर्षानुवर्षं रात्रीच्या थ्री फेजला, म्हणजे पंपाची वीज रात्री येते तेव्हा, उठून पाणी द्यायला गेलाय, अंधारात, पायाखाली साप-विंचू. तो लोड दिवसा सोलरवर आणला तर त्याची झोप वाचते आणि रात्रीचा कोळसाही. मला विचारशील तर यात बॅटरीइतकाच दम आहे, आणि खर्च कितीतरी कमी.

ग्रिड इंडिया, म्हणजे देशाचं वीजजाळं सांभाळणारी सरकारी कंपनी, तिचा रोजचा रिपोर्ट महिनाभर सकाळी चहाबरोबर वाच, दुपारचा आणि संध्याकाळचा आकडा वहीत लिही. मग दिवाळीनंतर दोन दिवस काढून इकडे ये. सकाळी बंधाऱ्यावर जाऊ, येताना आजींकडे थांबू. संध्याकाळी सहाला लॅपटॉप उघडून ग्रिडची फ्रिक्वेन्सी बघत बसू, 49.90 ते 50.05 हर्ट्झमध्ये राहते का ते, आणि मागणीला वीज कमी पडून खाली गेली की त्या क्षणी कोण लोड उचलतंय ते तू मला सांगायचं.

तुझा काका