कॉन्व्हेंटच्या केजीत मूल काय शिकतं?

ताई, भुसावळला पोरीला कॉन्व्हेंटात घालताय ना, मग एबीसीडीची घाई नको. पहिलं वर्ष रांगेत उभं राहण्यात, डबा वाटून खाण्यात, 'सॉरी-थँक्यू' म्हणण्यातच जातं. सकाळी प्रार्थना, डिसेंबरात गोठ्यातल्या बाळ येशूचा देखावा. कॅथलिक मुलं कपाळ, छाती, डावा खांदा, मग उजवा असा क्रूस काढायला शिकतात. तुमच्या पोरीनं घरी तसं केलं तर दचकू नका, पोरं नकला करतातच! सक्तीची भीतीही नको. संविधानाच्या कलम 28(3) नुसार मान्यताप्राप्त शाळेत धर्मशिक्षणाला पालकांची संमती लागते. इंग्रजीच्या नादात आजीशी चाललेली अहिराणी मात्र तोडू नका. आणि डब्यात कळण्याची भाकरी तूप लावून बिनधास्त द्या.