आजोबा गवंडी होते. वर्षश्राद्धाच्या पत्रिकेत त्यांच्याबद्दल काय लिहावं?

गवंडीच लिहा. बांधकाम व्यावसायिक नको, कॉन्ट्रॅक्टर नको, आणि ‘बांधकाम क्षेत्रातील’ तर नकोच. तुम्ही विचारलंय, गवंडी म्हटलं तर लोकांना साधं वाटेल का? ज्याला वाटायचं त्याला वाटू दे.

माझे आबा पाटण खोऱ्यातले. कोयना धरणाचं काम चालू होतं तेव्हा सतराव्या वर्षी बिगारी म्हणून तिथं लागले. काँक्रीटमध्ये मोठमोठे दगड बसवत वर आणलेलं हे धरण. 103 मीटर उंच, 800 मीटरहून लांब. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण हे आकडे आबांच्या तोंडपाठ. जुन्या गवंड्यांच्या हाताखाली राहून दगडाची पारख आली, हातात थापी आली. धरणाचं काम संपल्यावर गावी आले आणि 1967 च्या उन्हाळ्यात आमच्या घराची मागची भिंत त्यांनी एकट्यानं रचली. दगड-मातीचीच. आतलं तोंड वेगळं, बाहेरचं वेगळं, मध्ये चिपा आणि माती. तेव्हा सगळे तशीच रचायचे.

त्याच वर्षी 11 डिसेंबरला, सोमवारच्या पहाटे चारनंतर भूकंप झाला. कोयनानगर तर उद्ध्वस्त झालंच, पण खोऱ्यातली कितीतरी गावं बसली, दीडशेच्या वर माणसं गेली. आबा गोठ्यात झोपले होते म्हणून वाचले. आत त्यांच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे आमच्या आत्याआजीचा, पाय भिंतीखाली सापडला. आबांनी स्वतः रचलेल्या भिंतीखाली. ती जगली, पण आयुष्यभर पाय ओढत चालली.

धरणाच्या वरच्या भागात भेगा पडल्या, तरी धरण उभं राहिलं. नंतर त्याला मागच्या बाजूनं काँक्रीटचा आधार देऊन मजबूत केलं. आबा म्हणायचे, तेवढा मोठा डोंगर उभा राहिला आणि माझी आठ फुटांची भिंत राहिली नाही. ढिगारा उपसताना त्यांनी एकेक दगड बघितला. सगळे आखूड. आतल्या तोंडाचा दगड बाहेरच्या तोंडाला कुठंच धरून नव्हता. मला लहानपणी सांगायचे, “आरं, भित पडत न्हाई. आधी फुगती, मग सुटती. तिला मदनं धराय कोन नव्हतं.”

तिथून पुढं त्यांनी आरपार दगडाशिवाय एकही भिंत रचली नाही. भिंतीच्या जाडीइतका लांब दगड, उंचीला दर दोन फुटांवर एक आणि आडवा चार-चार फुटांवर. कोपऱ्यात तर लांब दगड एकाआड एक फिरवूनच. लांब दगड महाग पडतो, घडवायला वेळ जातो, घरमालक कुरकुर करायचे. आबा काम सोडून द्यायचे पण आखूड दगड लावायचे नाहीत. मी आठवीत असताना एका गोठ्याची तीन फूट वर आलेली भिंत त्यांनी उतरवलेली मी बघितलीय. ते दुपारी जेवायला गेले असताना मालकानं दुसऱ्या माणसाकडून दोन थर रचून घेतले होते. त्या दिवसाची मजुरी आबांनी घेतली नाही. घरी आजी बोलली, ते ऐकून घेतलं.

आत्याआजीचं सासरचं घर त्यांनीच बांधलं. दर भाऊबीजेला गेले की ओवाळून घ्यायच्या आधी घराला एक फेरी मारायचे, भिंतीवरून तळहात फिरवत. कुठं पोट आलंय का बघायला. हात थरथरायला लागल्यावरही फेरी चुकली नाही.

हा माणूस गेला तेव्हा दशक्रियेच्या फ्लेक्सवर आमच्या धाकट्या चुलत्यांनी छापलं, ‘सुप्रसिद्ध बांधकाम व्यावसायिक’. मी विचारलं, नाना, आबांनी हा शब्द जन्मात कधी उच्चारला होता का? नाना म्हणाले, गवंडी लिहिलं तर पोरांच्या सोयरिकीला आड येतं, चार लोकांत बरं दिसत नाही. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. कॉन्ट्रॅक्टर हा पैसे लावणारा, माणसं लावणारा. त्यात वाईट काही नाही, पण ते आबांचं काम नव्हतं. आबा ओळंबा, म्हणजे दोरीचं वजन, लावून भिंत सरळ रचणारे होते. बहिणीच्या पायानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांनी जे केलं, ते त्या फ्लेक्सवरच्या शब्दात कुठं बसतं?

वर्षश्राद्धाची पत्रिका मी छापली. नावाखाली एकच शब्द, गवंडी. त्याखाली त्यांनी बांधलेल्या अकरा घरांची गावं. ‘प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू’ काही घातलं नाही, ते सगळ्यांच्याच पत्रिकेत असतं. नाना आले, वाचलं, जेवले आणि गेले. तुम्हीही गावं लिहा. त्या घरांत जाऊन विचारा, म्हातारी माणसं सांगतील, पण लवकर जा. आजोबांची थापी, ओळंबा घरात असेल तर आठवण म्हणून काचेत ठेवू नका. आबांचा ओळंबा आमच्या गावातला एक गवंडी वापरतो.

नानांबद्दल एक सांगायला हवं. आबांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्याचा सगळा खर्च त्यांनीच केला, आणि लहानपणी आबांच्या हाताखाली घमेली वाहिली तीही त्यांनीच. त्यांना त्या शब्दाचा त्रास का होतो, हे मला अगदीच कळत नाही असं नाही. तरीही शब्द चुकलाच.

आणि हे वाचून जुनं दगडी घर म्हणजे भक्कम असं समजू नका. मातीत रचलेलं असेल तर आतून कसं आहे ते बाहेरून दिसत नाही. तुम्ही अजून आजोबांच्याच घरात राहत असाल आणि कुठं भिंतीला पोट आलेलं दिसलं, तर पत्रिका राहू दे, आधी जाणकार माणूस आणून दाखवा.