थंडीने एकाग्रता खरंच कमी होते का? ऐरोलीच्या ऑफिसात दुपारनंतर डोकंच चालत नाही.

होते, पण बिचाऱ्या हवेला दोष देऊ नका. ठाणे-नवी मुंबईत जानेवारीतही दुपारी घाम येतो. तुमची थंडी एसीची आहे.

गार झोतात बसलं की आतली ३७ अंशांची ऊब राखायला शरीर त्वचेकडचं रक्त आवरतं घेतं. बोटं ताठरतात, टायपिंग चुकतं. शिवाय ‘गारठलोय’ ही जाणीवच सारखी लक्ष खात राहते.

बर्लिनमध्ये ५०० हून जास्त विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. खोली जसजशी उबदार, तसतशी मुलींची बेरजेची गणितं आणि अक्षरं जुळवून शब्द बनवणं सुधारत गेलं. मुलांचं थोडं बिघडलं. म्हणजे रिमोटवरून ऑफिसात होणारी भांडणं नुसते नखरे नव्हेत!

२०२० पासून आपल्याकडे स्टार लेबलचे घरगुती एसी सुरू होतानाच २४ अंशांवर असतात. ऑफिसातही तेवढं मागून बघा. नाहीच ऐकलं, तर झोताखालची जागा बदला, पायात मोजे घाला. मात्र झापड रोज डबा खाल्ल्यावरच येत असेल, तर आधी भात कमी करून पाहा.