अमेरिकेत हक्क जातात म्हणजे नक्की काय होतं?

प्रश्न असा आहे की अमेरिकेत बायकांचे आणि अल्पसंख्याकांचे हक्क कमी होतायत असं सारखं वाचायला मिळतं, पण राज्यघटना तर तीच आहे, मग हक्क जातात म्हणजे नक्की काय होतं आणि आपल्या लोकांना त्याचा काय फरक पडतो? मी टेक्सासमधे राहते, डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत, बरीच वर्षं झाली, आता इथली नागरिक आहे आणि मतदार नोंदणीचं काम व्हॉलंटियर म्हणून करते. त्यामुळे इथून जे दिसतं ते लिहिते.

घटना तीच आहे हे खरंय. पण हक्क घालवायला घटना बदलावी लागतच नाही. हक्काची अंमलबजावणी कोण करणार, दाद कुठे मागायची, कोणाला किती भीती घालायची एवढं बदललं की पुरतं. गेल्या दहा-बारा वर्षांत इथे हेच झालंय.

आधी बायकांचं सांगते. 1973 मधे रो विरुद्ध वेड या केसमधे सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क मान्य केला, केस टेक्सासचीच होती. हा हक्क संसदेने केलेल्या कायद्यातून आला नव्हता, कोर्टाने घटनेचा जो अर्थ लावला त्यातून आला होता. (आपल्याकडे 1971 लाच एमटीपी कायदा संसदेने केला, त्यात निर्णय बराचसा डॉक्टरच्या हातात आहे हे मान्य, पण निदान कायदा आहे.) नंतर इतक्या वर्षांत काँग्रेसला (म्हणजे इथल्या संसदेला) असा कायदा जमला नाही आणि 24 जून 2022 ला डॉब्स केसमधे कोर्टाने आपलाच निकाल फिरवला, आता राज्यांनी ठरवावं म्हणाले. 49 वर्षं असलेली गोष्ट एका सकाळी गेली.

पण टेक्सासमधे ती त्याच्या आधीच गेली होती, आणि कशी गेली ते बघण्यासारखं आहे. 1 सप्टेंबर 2021 पासून इथे एसबी 8 नावाचा कायदा लागू झाला, साधारण सहा आठवड्यांनंतर गर्भपात बंद, म्हणजे बऱ्याच जणींना दिवस गेलेत हे कळायच्या आतच. आणि त्याची अंमलबजावणी सरकार करणारच नव्हतं, ती कोणाही माणसावर सोपवली होती. बाईला मदत करणाऱ्या कोणावरही, डॉक्टर असो, नर्स असो, दवाखान्यात गाडीने सोडणारा असो, कोणीही खटला भरायचा आणि जिंकला तर कमीत कमी 10,000 डॉलर मिळणार. सरकार काही करतच नाही तर कोर्टाने थांबवायचं कोणाला, या पेचात तो कायदा टिकला, सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 ने स्थगिती नाकारली. रो तेव्हा कागदावर शाबूत होतं.

आता डॉक्टरला 99 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, वर लायसन्स जातं आणि किमान एक लाख डॉलर दंड. आईच्या जिवाला धोका असेल तर सूट आहे, पण धोका म्हणजे नक्की किती हे डॉक्टरने ठरवायचं आणि चुकलं तर तुरुंगात जायचं. ऑस्टिनच्या अमांडा झुरॉव्स्कीची केस जाहीर आहे, तिने सिनेटपुढेही सांगितलीय. दीड वर्ष ट्रीटमेंट घेऊन दिवस राहिले होते, 18 व्या आठवड्यात पाणमोट फुटली, बाळ वाचणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पण ठोके लागत होते म्हणून हात लावता येईना. मग थांबले, कशासाठी, तर ती पुरेशी आजारी पडेपर्यंत. तिला सेप्सिस झाला, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर पसरला, आयसीयूत गेली, जीव वाचला पण एक गर्भनलिका कायमची बंद झाली. हवं असलेलं बाळ होतं हो ते! तिने आणि इतर बायकांनी राज्यावर केस केली आणि 31 मे 2024 ला टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने ती फेटाळली. 2025 मधे अपवादाची भाषा थोडी स्पष्ट करणारा कायदा झाला, पण मधल्या वर्षांत ज्यांच्यावर वेळ आली त्यांचं काय. ज्यांच्याकडे पैसा आणि रजा आहे त्या न्यू मेक्सिकोला किंवा कॅन्ससला जातात. ज्या तासावर काम करतात, ज्यांच्याकडे गाडी नाही, लहान पोरं घरी आहेत, त्या कुठे जाणार? आणि त्यांत काळ्या आणि लॅटिनो बायका जास्त असतात, म्हणून बायकांचा प्रश्न आणि अल्पसंख्याकांचा प्रश्न मला वेगळे करताच येत नाहीत.

आता मतदान. 7 मार्च 1965 ला अलाबामातल्या सेल्मामधे पुलावर पोलिसांनी मतदानाच्या हक्कासाठी शांतपणे चालणाऱ्या काळ्या लोकांना झोडपलं, चळवळीतले जॉन लुइस यांची कवटी फुटली आणि त्याच वर्षी ऑगस्टमधे व्होटिंग राइट्स अॅक्ट झाला. त्यातलं सगळ्यात मोठं हत्यार हे होतं की ज्या राज्यांचा इतिहास वाईट आहे त्यांनी मतदानाचे नियम बदलायच्या आधी वॉशिंग्टनची परवानगी घ्यायची. टेक्सास 1975 पासून त्या यादीत होतं. 2013 मधे शेल्बी काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) केसच्या निकालात सुप्रीम कोर्टाने ती यादी ठरवायचं सूत्रच रद्द केलं, परिस्थिती बदललीय म्हणून. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी मत देताना म्हटलं होतं की पाऊस चालू असताना आपण भिजत नाही म्हणून छत्री फेकून देण्यासारखं आहे हे. त्याच दिवशी, अक्षरशः त्याच दिवशी, टेक्सासचे तेव्हाचे अॅटर्नी जनरल ग्रेग अॅबट यांनी जाहीर केलं की त्या परवानगीवर अडलेला व्होटर आयडी कायदा आता लागू. त्या कायद्यात पिस्तुलाचं लायसन्स ओळखपत्र म्हणून चालतं, सरकारी युनिव्हर्सिटीचं स्टुडंट आयडी चालत नाही. नंतर कोर्टात भांडून एवढं पदरात पडलं की आयडी नसेल तर कारण लिहून देऊन दुसरा कागद दाखवता येतो.

तेच अॅबट पुढे गव्हर्नर झाले आणि 2020 मधे ऐन कोविडमधे त्यांनी आदेश काढला की टपाली मतपत्रिका हातोहात द्यायला एका काउंटीत एकच जागा. ह्यूस्टनची हॅरिस काउंटी, 47 लाख वस्ती, तिथेही एकच, आणि चारशे लोकांच्या काउंटीतही एकच. नियम सगळ्यांना सारखाच, पण बसतो कोणाला ते उघड आहे. पुढच्या वर्षी एसबी 1 आला, टपाली मतावर आयडी नंबर लिहायची सक्ती झाली आणि 2022 च्या मार्चच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक) सुमारे 12 टक्के टपाली मतं बाद झाली. टेक्सासमधे टपाली मत बहुतेक 65 च्या पुढचे लोक देतात, तर ती म्हातारी माणसं होती. 2020 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या जवळजवळ 40 लाखांनी वाढलेली दिसली, त्यातले 95 टक्के लोक गोरे नसलेले, आणि तरी 2025 च्या ऑगस्टमधे, जनगणना नसताना मधेच, मतदारसंघांचा नकाशा पुन्हा काढला, रिपब्लिकनांच्या पाच जागा वाढाव्यात म्हणून.

सगळीकडे हरच होतेय असं नाही, हे पण सांगायला हवं. 2022 च्या ऑगस्टमधे कॅन्ससने, जिथे बहुतेकदा रिपब्लिकनच जिंकतात त्या कॅन्ससने, गर्भपाताचा हक्क राज्याच्या स्वतःच्या घटनेतून काढायचा प्रस्ताव साधारण 59 विरुद्ध 41 ने पाडला. ओहायोत 2023 मधे लोकांनी हक्क राज्याच्या घटनेत घातला. फ्लोरिडात 2024 मधे 57 टक्के लोक बाजूने होते आणि तरी हरले, कारण तिथे 60 लागतात. लोकांना विचारलं की उत्तर बहुतेकदा वेगळं येतं, म्हणून तर लोकांपर्यंत प्रश्न पोचू नये यासाठी एवढा आटापिटा चालतो असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आपल्या लोकांचं. आमच्या मंडळात "आपण बरे, आपलं काम बरं, हे त्यांचं काळ्यागोऱ्यांचं भांडण" असं म्हणणारे खूप आहेत आणि मला ते ऐकून मनापासून वाईट वाटतं. 1965 च्या आधी भारतातून इथे यायला वर्षाला शंभराच्या आसपास कोटा होता. तो संपवणारा इमिग्रेशन कायदा त्याच 1965 च्या ऑक्टोबरमधे झाला, त्याच नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यात. आपले इंजिनियर आणि डॉक्टर मेरिटवर आले हे बरोबर, पण दार उघडायला मार दुसऱ्यांनी खाल्ला.

आणि आता थेट आपल्यावरच येतंय. 20 जानेवारी 2025 ला ट्रम्पनी आदेश काढला की आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बापाकडे नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड नसेल तर इथे जन्मलेलं मूल नागरिक नाही. एच-वन-बीवर वर्षानुवर्षं ग्रीनकार्डच्या रांगेत असलेल्या आपल्या लोकांना यापुढे होणारी पोरं त्यात येतात. जन्माने नागरिकत्व 1868 च्या 14 व्या घटनादुरुस्तीत आहे, गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी आलेली दुरुस्ती. सिएटलच्या न्यायाधीशांनी तीनच दिवसांत आदेश थांबवला, पण मधल्या काळात आदेश लागू व्हायच्या तारखेच्या आत सिझेरियन करून मिळेल का असं भारतीय जोडपी डॉक्टरांना विचारत असल्याच्या बातम्या होत्या. ओळखीतल्या एका मुलीची तारीख मार्चमधली होती, तिचे ते दिवस कसे गेले ते मी बघितलंय, रात्री अकराला फोन करून विचारायची, ताई, बाळाला पासपोर्ट कुठला मिळणार? मग जूनमधे सुप्रीम कोर्टाने आदेश बरोबर की चूक यावर काही न बोलता एवढंच ठरवलं की खालच्या न्यायाधीशाने अख्ख्या देशासाठी स्थगिती सहसा द्यायची नाही. वर म्हटलं ना, दाद कुठे मागायची, ते हेच. वकिलांनी मग क्लास अॅक्शनची, म्हणजे सारखी अडचण असलेल्या सगळ्यांच्या वतीने एकच दावा करायची, वाट काढली आणि मग मूळ प्रश्न ट्रम्प सरकारने सुप्रीम कोर्टापुढे नेला.

शिवाय एप्रिल 2025 मधे हाउसने, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाने, सेव्ह अॅक्टचं बिल मंजूर केलं, मतदार नोंदणीला नागरिकत्वाचा कागदी पुरावा दाखवायचा. ऐकायला वाजवी वाटतं. पण लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या जन्मदाखल्यावर एक नाव, लायसन्सवर दुसरं. आपल्याकडच्या मागच्या पिढीत तर पहिलं नावसुद्धा बदलायचे आणि मधे नवऱ्याचं नाव लागायचं. माझ्या टेबलावर एक मावशी आल्या होत्या, भारतातल्या कागदावर एक नाव, सिटिझनशिपच्या सर्टिफिकेटवर दुसरं, लायसन्सवर तिसरं स्पेलिंग, आणि प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन घाबरून विचारत होत्या की मी मत दिलं तर काही होणार नाही ना. सध्याच्या नियमात त्यांची नोंदणी व्यवस्थित झाली.

तर जे टेक्सासमधे आहेत आणि नागरिक झालेत त्यांच्यासाठी कामाचं: इथे नवी नोंदणी ऑनलाइन होत नाही, फक्त लायसन्स ऑनलाइन रिन्यू करताना होते. फॉर्म निवडणुकीच्या 30 दिवस आधी जायला हवा. दुसऱ्याचा भरलेला फॉर्म गोळा करायचा तर काउंटीकडून डेप्युटी रजिस्ट्रार म्हणून नेमणूक लागते, ती नसताना घेतला तर गुन्हा, आणि नेमणूक दर काउंटीची वेगळी. फ्रिस्को निम्मं कॉलिनमधे, निम्मं डेंटनमधे, म्हणून गणपतीच्या मंडपात बसायचं तर मला दोन्हीकडची घ्यावी लागते. पुढच्या गणपतीत मदतीला कोणी येणार असेल तर आत्ताच नेमणुकीचं ट्रेनिंग करून घ्या, कसं करायचं ते कमेंटमधे विचारलंत तर सांगते.