घोडा दमला की थांबायचं कुणी ठरवायचं?

“घरच्यांना ज्यात मजा वाटते ते मला बघवत नाही. मीच कमकुवत आहे का?” कोल्हापुरात हा प्रश्न मला बरेच जण विचारतात, विशेषतः तरुण मुलं. करवीर तालुक्यातल्या एका विशीतल्या मुलाची हकिगत त्याच्या परवानगीनं, ओळख पटणार नाही अशा बेतानं सांगते.

आईच त्याला समुपदेशनासाठी माझ्याकडे घेऊन आली होती. झोप उडालेली, वडिलांशी अबोला. घरात आजोबांपासून घोडागाडीच्या शर्यतींचा नाद. एका मैदानात गाडीवानानं शेवटच्या टप्प्यात घोड्यावर चाबूक ओढत ठेवला. तोंडाला फेस आलेला घोडा डांबरी रस्त्यावर गुडघ्यांवर कोसळला, त्याला उठवून पुन्हा पळवलं. गाडीनं नंबर काढला, गुलाल उधळला गेला. त्या घोड्याला रोज खरारा करायचा तो हाच मुलगा. घरी बोलला तर चुलते म्हणाले, “मन लई कच्चं हाय ह्याचं.”

मी त्याला आधी स्पष्ट सांगितलं की मुक्या जिवाचे हाल पाहून झोप उडणं म्हणजे मन कच्चं असणं नव्हे. झोपेसाठी जे करायला हवं ते आम्ही केलंच, पण खरं काम वेगळं होतं. तो सरसकट “सगळंच चूक” म्हणत होता. नेमकं काय खटकतं, असं विचारलं. घोडा पाळणं? नाही. पळवणं? तेही नाही, माळावर सोडला की तो आपणहून उधळतो. मग? थोडा वेळ विचार करून म्हणाला, “मॅडम, माळावर दमला की तो थांबतो.”

माझ्या मते या वादातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. “त्यालाही पळायची हौस असते” हे खरंच, पण शर्यतीत थांबायचं त्याच्या हातात नसतं. त्यात घोडा शिकार होणाऱ्या प्राण्यांपैकी, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या स्वभावातच आहे. पूर्ण वेगानं धावणाऱ्या शर्यतीच्या घोड्यांच्या फुप्फुसांत रक्तस्राव होणं ही पशुवैद्यांना नेहमी दिसणारी गोष्ट. चाबूक जाड कातडीला लागत नाही, असं मैदानात सर्रास म्हणतात. सिडनीतल्या संशोधकांनी 2020 मध्ये घोड्याची आणि माणसाची त्वचा ताडून पाहिली. वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांच्या दाटीत त्यांना ठळक फरक आढळला नाही. आपल्या करमणुकीसाठी दमलेल्या जनावरावर चाबूक ओढणं मला कुठल्याच हिशेबात बसवता येत नाही.

पुढे वडील आले. आधी तावातच होते. “पोराच्या आधी घोड्याला हरभरं घातल्यात मी,” म्हणाले, आणि त्यावर माझा विश्वास बसला. मग म्हणाले, सरकारनं परवानगी दिली आहे, मुंबईत महालक्ष्मीला मोठी माणसं घोडे पळवतात, आणि घोडी तर शाहू महाराजांनीही पाळली.

मी जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात महाराष्ट्रानं केलेली 2017 ची दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयानं 18 मे 2023 रोजी ग्राह्य धरली, पण ती सूट बैलगाडा शर्यतींना आहे, घोड्याचं नाव त्यात नाही. रेसकोर्सबद्दल 1996 चा निकाल आहे, तो घोड्यावर पैसे लावणं जुगार की कौशल्य, एवढ्यापुरता. घोड्याला काय सोसावं लागतं, हा तिथला प्रश्नच नव्हता. महाराजांबद्दल मुलगाच बोलला, “आबा, महाराजांच्या काळात साठमारीच्या खेळात हत्ती डिवचायचे. आता कोण डिवचतंय? त्यानं महाराजांचं नाव कमी झालं का?”

“तुम्ही क्रूर आहात” हे वाक्य मी त्याला आधीच टाळायला सांगितलं होतं, कारण ते ऐकलं की बाप पुढचं ऐकत नाही. त्याऐवजी त्यानं विचारलं, “तो पडला तवा तुम्हाला काय वाटलं?”

“मलाबी बघवलं नाही,” वडील म्हणाले. “पण मैदानात चार माणसांत ते दाखवता येतंय व्हय?”

घरोघरी मुलांना कच्च्या मनाचं ठरवणाऱ्या अनेक पुरुषांचं दुखणं हेच असतं, असं मला आता ठामपणे वाटतं. त्यांनाही दिसत असतं, पण बोलायची चोरी असते. म्हणून अशा मुलामुलींना मी सांगते की काय खटकतं ते आधी एका वाक्यात नेमकं करा आणि मैदानाच्या गर्दीत नव्हे, घरी एकट्यात बोला. जनावराला मारहाण होत असेल, तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली पोलिसांकडे तक्रार करता येते. तशी तक्रार करणं म्हणजे घराशी दगाबाजी नव्हे.

वडिलांनी त्या गाडीवानाला सोडलं, घोडा डांबरावर पळवणंही बंद केलं. मैदानाला मात्र ते अजून जातात. मुलाला हे पुरेसं वाटत नाही, तसं तो त्यांना तोंडावर सांगतो आणि स्वतः जात नाही. अबोला सुटलाय, वाद चालू आहे.