फ्लडलाइट लावलेले असताना टेस्ट मॅच अंधुक प्रकाशामुळे का थांबवतात?

कारण बॉल लाल असतो ना. लाइटखाली तो मळकट तपकिरी दिसायला लागतो, त्यात ५०-६० ओव्हर जुना असेल तर बॅट्समनलाच काय, स्क्वेअर लेगच्या अंपायरलाही नीट दिसत नाही, म्हणून तर डे-नाइट टेस्टला गुलाबी बॉल आणला (पहिली २०१५, अ‍ॅडलेड).

आणि आता बॅट्समनला कोणी विचारत नाही, २०१० पासून निर्णय फक्त अंपायरचा. खिशातून ते छोटं लाइट मीटर काढतात, ज्या रीडिंगला एकदा खेळ थांबवला तेच मग त्या मॅचपुरतं माप. कधीकधी मधला मार्ग काढतात, फक्त स्पिनर टाका म्हणतात, २०२४ ला ओव्हलवर इंग्लंडचा फास्ट बॉलर वोक्स बिचारा ओव्हरच्या मधेच पेस सोडून ऑफस्पिन टाकत होता 😄

२०२१ ची न्यूझीलंडविरुद्धची कानपूर टेस्ट आठवा, आपल्याला एकच विकेट हवी होती आणि रचिन रवींद्र आणि आपल्या मुंबईत जन्मलेला एजाझ पटेल ५२ बॉल खेळून गेले, अंपायर दर थोड्या वेळाने मीटर बघतायत, शेवटी मॅच ड्रॉ. टीव्हीवर मात्र सगळं लख्ख दिसत होतं, कॅमेरा उजेड वाढवून दाखवतो त्यामुळे घरी बसून आपल्याला वाटतं की उगाच थांबवलं.